घर मुरुडला, मुक्काम आमच्याकडे

सुजयचा पगार कापला गेला ही गोष्ट आम्ही कुणालाच सांगितली नव्हती. तरी ती मुरुडला पोचली. कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आठवड्याभरात दमयंती आत्याचा फोन आला, "काळजी करू नका. मी येते आणि तुमच्या संसाराची घडी बसवून देते."

आम्हाला काळजी होतीच. आत्या येईल ही काळजी मात्र तोवर नव्हती.

सुजय, म्हणजे माझा नवरा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका मासळीच्या कंपनीत ऑफिसात बसतो. कोळंबी बाहेरच्या देशात जाते तोवर सगळं सुरळीत असतं. यंदा माल अडकला, शीतगृह तुडुंब भरून राहिलं, आणि मालकाने सगळ्यांना बोलावून चहा पाजला. परिस्थिती सुधारेपर्यंत सगळ्यांनी थोडं सोसूया, म्हणाला. सगळ्यांनी म्हणजे ऑफिसच्या लोकांनी. त्याच महिन्यात मालकाच्या दारात नवी गाडी आली, तिची पूजाही ह्याच लोकांनी केली. सुजय तर नारळ फोडून आला. मी सकाळच्या वेळात एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते, त्यात भाजी आणि दूध निघतं. नाचणे रोडच्या फ्लॅटचा हप्ता, सानिकाची चौथीची फी, स्कूटरचं पेट्रोल हे सगळं सुजयच्या पगारावर. तो आखडला तशी मी आधीच हात आवरायला लागले होते. पण घरच्या बाईने हात आवरला तर तो कुणाला दिसत नाही. त्याला बाहेरून कोणीतरी यावं लागतं.

दमयंती आत्या म्हणजे सुजयच्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दापोलीजवळच्या मुरुडला समुद्राला लागूनच तिचं घर आहे, मागे थोड्या पोफळी. आमच्या नातेवाइकांत तिचं नाव निघालं की कौतुक एकच, दमयंतीकडून काटकसर शिकावी. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. बारसं असो की बारावं, पंगतीत कोणीतरी सुरू करतंच, की दमयंतीने एकाच छत्रीवर किती पावसाळे काढले, आणि दमयंतीने लग्नातलं पातळ कसं पडद्यापर्यंत आणि पडद्याचं पायपुसण्यापर्यंत वापरलं. ऐकणारे माना डोलावतात आणि स्वतः दुसरा लाडू घेतात.

एप्रिलच्या मध्यावर, शाळांना सुट्टी लागायच्या सुमारास, सुजय तिला एसटी स्टँडवरून घेऊन आला. बॅग एवढी मोठी होती की रिक्षात आधी बॅग बसली आणि मग माणसं. ही बाई चार दिवसांसाठी आलेली नाही हे मी तेव्हाच ओळखलं. भेट म्हणून तिने अर्धा किलो कोकमाची सोलं आणली होती. त्यानंतर आमटीत सोल पडलं की ती म्हणायची, "बाजारात घेतली असतीस तर काय भाव पडला असता, आहे कल्पना?"

आतली छोटी खोली आम्ही तिला दिली. ती खोली सानिकाच्या नावाची, पण सानिका अजून आमच्याजवळच झोपते, त्यामुळे तिथे इस्त्रीचं टेबल, सुजयच्या वडिलांची बंद पडलेली बाजाची पेटी आणि गाद्या असं सगळं होतं. आत्याने दारातूनच नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढी जागा वाया?" मला वाटलं पसाऱ्याबद्दल बोलतेय.

चहा घेऊन झाला आणि ती स्वयंपाकघरात शिरली. आल्या आल्या तिने केराची बादली उचलून खिडकीजवळ नेली आणि उजेडात बघितली. बटाट्याची सालं बाहेर काढली. "ह्याची चटणी होते." दुधीची सालं बाहेर काढली. "ह्याचीही चटणी होते." कोथिंबिरीच्या काड्या, मटाराच्या सोललेल्या शेंगा, सगळं ओट्यावर आलं. आमच्याकडे त्या दिवसापासून इतक्या चटण्या व्हायला लागल्या की भाजीची गरजच उरली नाही. हाच तिचा बेत होता.

मग नियम आले. भाताला उकळी आली की गॅस बंद, पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचं, तो आपोआप शिजतो. शिजायचा, खोटं कशाला बोलू. पण सुजय जेवायला बसला की त्या गोधडीची गाठ सोडायला मीच उठायचे, आणि गोधडीला भाताचा वास लागला तो वेगळाच. चहाची पावडर दोनदा उकळायची. दुपारी घरात एकच पंखा चालेल, सगळ्यांनी त्या खोलीत बसायचं. रत्नागिरीचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, नुसतं बसलं तरी अंगावरून पाणी वाहतं. सानिका फरशीवर आडवी पडून म्हणायची, "आई, मी वितळतेय." वर्तमानपत्र बंद. खालच्या मजल्यावरच्यांचं दुपारी आणून वाचायचं. खालच्यांच्या आवारात फणस आहे. त्यांनी फणस फोडला की आत्या पिशवी घेऊन उभी. गरे ते खाणार, आठळ्या आम्ही आणणार. आठळ्यांची भाजी, आठळ्यांची उसळ, भाजलेल्या आठळ्या. पुढे पुढे खालच्या वहिनी मला बघून गालातल्या गालात हसायच्या. मान खाली घालून मी जिना चढायचे.

सुजयला हे सगळं फार आवडलं. ठाम आवाजात कोणी काही सांगितलं की त्याला ते आवडतं, मग तो मालक असो की आत्या. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "बघ, किती सोपं असतं. आपल्याला सुचलं नाही."

"आपल्याला म्हणजे मला," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

तसंच होतं. तो स्वतः संध्याकाळी मारुती मंदिरच्या टपरीवर मित्रांबरोबर चहा घेऊनच यायचा, आणि तो चहा एकदाच उकळलेला असायचा.

आता आत्याचं स्वतःचं काय? तिला पहिल्या उकळीचाच चहा लागायचा, कारण दुसऱ्या उकळीने तिला पित्त होतं. पंखा एकच, पण रात्री तिच्या खोलीतला वेगळा, कारण तिला रक्तदाब. सकाळी दोन पिकलेली केळी, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते कधी कळलं नाही. माशाच्या मधल्या तुकड्या तिच्या ताटात, कारण डोक्यातले काटे तिच्या घशात अडकतात. काटकसर आमच्या घरात नांदत होती, पण आतल्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती.

मासे आणायचं कामही तिने हाती घेतलं. मी दवाखान्यातून येताना वाटेत कुणी ताजं घेऊन बसलेलं दिसलं तर थोडंसं घ्यायचे. आत्या म्हणाली, ही उधळपट्टी. मिरकरवाडा बंदरावर दिवस मावळताना जायचं, उरलेला वाटा बायका मागू त्या भावात देऊन टाकतात. ती सुजयला मागे बसवून न्यायची. म्हणजे सुजय स्कूटर चालवायचा, पेट्रोल आमचं, मागे ती बसायची, पण बोलताना ती "मी ह्याला नेते" असंच म्हणायची. एकदा बांगड्यांचा असा मोठा वाटा घेऊन दोघं आली. मी एक बांगडा हातात घेतला, डोळे गढूळ, पोट मऊ पडलेलं.

"आत्या, हे दिवसभर उन्हात बसलेत. टाकून देऊया."

"टाकून?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सानिकालाच टाकून द्या म्हटलं होतं. "चांगली मीठ-हळद लाव, तिखटात बुडव. तुम्हा मुलींना नुसतं टाकायचं माहीत."

त्या रात्री आत्याने वरणभात घेतला. पोट जड आहे म्हणाली. सानिकाला मी खाऊ दिले नाहीत. सुजयने चार बांगडे खाल्ले, आणि भांडी घासून होईस्तोवर त्याच्या तोंडावर, मानेवर लाल चट्टे उठले, डोळे सुजले. मी ज्यांच्याकडे काम करते त्या डॉक्टरांना फोन करून त्याला तसाच घेऊन गेले. इंजेक्शन, गोळ्या. डॉक्टरांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, पण औषधं तर विकतच घ्यावी लागली. परत आलो तेव्हा आत्या हॉलमध्ये बसली होती.

"ह्याला लहानपणापासून बांगडा सोसत नाही," ती म्हणाली.

सुजय लहानपणापासून बांगड्यावर वाढलाय. पण तो सुजल्या तोंडाने म्हणाला, "हो, असेल."

असं सगळं मी गिळत होते. काही झालं तरी वडीलधारी बाई, एकटी, चार दिवस आली आहे. पण एका दुपारी मी घरी आले तर सानिका कोपऱ्यात बसलेली, गालांवर पाणी वाळलेलं. तिचा चित्रकलेचा क्लास बंद झाला होता. आत्याने सुजयला सकाळी समजावलं, सुजयने ऑफिसला जाता जाता क्लासच्या बाईंना फोन केला, आणि संपलं. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. वर आत्याने पोरीला मागच्या वर्षीचं कॅलेंडर फाडून दिलं होतं, पाठकोऱ्या बाजूवर काढ म्हणून.

"चित्रं काढायला शिकवावं लागतं होय?" आत्या मला म्हणाली. "आमच्या वेळी कोळशाने भिंतीवर काढायचो."

"भिंती रंगवायला लागत असतील मग," मी म्हटलं.

तिला ते आवडलं नाही. मला दिवसभरात तेवढंच आवडलं.

संध्याकाळी सुजयला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तात्पुरतं आहे गं." त्याच्या तोंडचं हे वाक्य त्याच्या मालकाचं होतं, अगदी त्याच सुरात.

मे महिन्याचा पहिला आठवडा संपत आला होता. दवाखान्यात आमच्याकडे अक्षया म्हणून नवी मुलगी लागली आहे, रक्त तपासणीच्या टेबलावर. राजापूरहून रोज एसटीने यायची आणि रोज अर्धमेली होऊन पोचायची. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. "ताई, माझा भाऊ ऑफिसच्या लोकांना घेऊन मुरुडला चाललाय. हे घर बघा ना, बरं वाटतंय का? तुमची आत्या तिथलीच ना?"

मी बघितलं. समोर ओटी, ओटीवर निळा रंग दिलेला झोपाळा, मागे पोफळी. झोपाळा पूर्वी हिरवा होता. पण भिंतीवर फोटो होता तो मी कुठेही ओळखला असता, बोटीवरच्या पांढऱ्या कपड्यातले सुजयचे आतोबा, हार घातलेले. खाली लिहिलं होतं, "अस्सल कोकणी घर. समुद्र दोन मिनिटांवर. एसी खोल्या. घरच्यासारखा जिव्हाळा." एका रात्रीचे चार हजार. लोकांचे अभिप्रायही होते. कुणीतरी लिहिलं होतं, मालकीणबाई फोनवर फार प्रेमाने बोलतात. आणि नंबर आत्याचा.

आत्या रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊन फोनवर बोलायची. मुरुडच्या शेजारणीशी बोलते, म्हणायची. एवढं हसून ती आमच्याशी कधी बोलली नव्हती, म्हणून मला त्या शेजारणीचा हेवाही वाटला होता.

घरी यायच्या आधी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून सावर्ड्याला फोन लावला. तिथे सुजयचा चुलतभाऊ नितेश राहतो, त्याची बायको रेणुका माझ्याशी मोकळेपणी बोलते. मी तिला सांगितलं. ती पुटपुटत महिने मोजायला लागली. मग ती म्हणाली, "थांब. आमच्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी आली ती प्रजासत्ताक दिनाची सुट्टी संपेपर्यंत होती. आमचं दुकान चालत नव्हतं तेव्हा. घडी बसवायला."

"आणि दिवाळीच्या सुट्टीत?"

"मालगुंडला. काकींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, मदतीला." रेणुका आता हसत होती, पण ते हसू बरं नव्हतं. "आणि पावसाळ्यात तिला घराची आठवण येते बघ. म्हणते, कौलं बघायला हवीत."

पावसाळ्यात मुरुडला पर्यटक नसतात. मग तेव्हा ती कशाला थांबेल आमच्या दारात?

मी स्कूटरवर येईपर्यंत मनात हजार वाक्यं जुळवली होती. पण घरी आले, सुजय आला, चहा झाला. आत्याचा कप पहिल्या उकळीचा. मी तिच्यासमोर बसले आणि साध्या आवाजात विचारलं,

"आत्या, मुरुडच्या घरी सध्या कोण आहे?"

"कोण असणार गो? कुलूप आहे."

"कुलपाला एसी लागतो?"

सुजय माझ्याकडे बघायला लागला. आत्याने कप खाली ठेवला नाही. राहिलेला चहा संपवला, तळाची साखर बोटाने पुसून घेतली आणि मग म्हणाली, "कळलं तर. व्हय, दोन वर्षं झाली. शेजारचा पोरगा सगळं बघतो, मी फोन घेते."

"आत्ये, मला तरी सांगायचंस," सुजय म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू हिला सांगितलं असतंस, आणि हिने माझ्या ताटाकडे बघून हिशोब केला असता."

"ताटांचा हिशोब ह्या घरात तुम्हीच करता," मी म्हटलं. "आम्हाला दोनदा उकळलेला चहा, आणि तिकडे लोकांना एसी लावून झोपवता. पोरीचा क्लास बंद केलात. कशासाठी? आमच्या पगाराच्या काळजीने आला होतात ना?"

"मग चुकीचं काय सांगितलं? सिलिंडर जास्त दिवस गेला की नाही? दूध कमी लागलं की नाही?" ती जराही लाजली नाही. उलट आता तिला जोर चढला. "आणि माझ्या घराचं म्हणशील, तर तिथे खोलीला लोक पैसे देतात. इथे तुमची खोली रिकामी, तिला कोण देतंय? रिकाम्या जागी राहायचं आणि भरत्या जागी पैसे घ्यायचे. ह्याला काटकसर म्हणतात. तुम्ही काय, पगार कापला म्हणून तोंडं पाडून बसलात. सुशिक्षित म्हणे. एवढी शहरातली खोली, तिच्यात इस्त्रीचं टेबल ठेवलंय! माझ्यासारख्या सातवी पास बाईला सुचतं ते तुम्हाला सुचत नाही, आणि वर मला विचारतेस?"

ती उठून गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात आतून तिचा तो गोड आवाज यायला लागला, "हो हो, या ना, अगदी घरच्यासारखं समजा."

मला इतका संताप आला की मी कपबशा आदळतच उचलल्या. सुजय म्हणाला, "जाऊ दे, तिचं घर, तिचा प्रश्न."  त्याला बोलून उपयोग असता तर तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच दिसला असता. पण कपबशा विसळताना तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. बाई उर्मट होती, अप्पलपोटी होती, आणि खोलीबद्दल म्हणाली ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. ह्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी अक्षयाला विचारलं, "तुला खोली हवी होती ना गावात?"

तिने हातातली सुई खाली ठेवली. पेशंट तसाच दंड पुढे करून बसला होता.

महिन्याचे साडेतीन हजार, सकाळचा चहा धरून, असं आमचं तिथेच ठरलं. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून ती येणार. घरी येऊन मी सुजयला सांगितलं, आणि सांगितलं म्हणजे विचारलं नाही. "क्लासचं तू परस्पर ठरवलंस, खोलीचं मी ठरवलं."

"आणि आत्या?"

"आत्याला घर आहे."

"घरात पाहुणे आहेत तिच्या."

"मग ते तिने बघावं. हिशोबात पक्की आहे ती."

आत्याला मी जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, सुजयला शपथा घालेल. तिने घास गिळला आणि विचारलं, "किती घेणार?"

"साडेतीन हजार. सकाळचा चहा धरून."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "चहासकट? डोकं ठिकाणावर आहे काय तुझं? नाचणे रोडला, बाजार एवढा जवळ, आणि साडेतीन? पाच सहज मिळाले असते. लाईटबिल?"

"ते आमच्यातच."

"देवा रे," ती सुजयला म्हणाली. "कसं व्हायचं तुझं?"

रविवारी अक्षया खोली बघायला आली. मी पोहे केले होते. आत्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि तिने त्या पोरीची उलटतपासणी घेतली. केस आठवड्यातून किती वेळा धुतेस? गरम पाण्याने की गार? मोबाइल किती वेळ चार्ज करतेस? झोपताना पंखा पाचवर लागतो की तीनवर चालेल? अक्षया आधी माझ्याकडे बघत होती. मी तिला दवाखान्यात सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मग ती फार निरागस तोंड करून म्हणाली, "काकू, तुम्ही मुरुडच्या होमस्टेवाल्या ना? माझ्या भावाने तुमच्याकडेच बुकिंग केलंय. म्हणत होता, किती प्रेमाने बोलल्या, काही लागलं तर संकोच करू नका म्हणाल्या."

आत्याचा चेहरा बघता बघता बदलला. "हो का? तुझा भाऊ होय तो? अगो मग सांगायचंस ना बाळा. पोहे घे. श्रद्धा, तिला आणखी वाढ."

माझे पोहे, माझं घर, आणि गिऱ्हाईक तिचं. सानिका माझ्या मागे उभी राहून तोंड दाबून हसत होती.

पाहुणी गेल्यावर आत्या फोन घेऊन बसली. पण मी रेणुकाला सांगितलं होतं आणि रेणुकाने मालगुंडला. सावर्ड्याला रेणुकाची आई राहायला आली आहे, असं आत्याला कळवण्यात आलं. रेणुकाची आई तेव्हा पनवेलला होती. मालगुंडच्या काकींनी फोन उचललाच नाही. आत्याने दोनतीनदा लावला. मग फोन मांडीवर ठेवून ती गॅलरीच्या दाराकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच ती मला म्हातारी दिसली.  म्हणावंसं वाटलं, राहा हॉलमध्ये जून लागेपर्यंत. तेवढ्यात ती म्हणाली, "सगळ्यांना कळवलंस वाटतं. फोनचे पैसे फुकट घालवलेस." मग मी उठून पोह्यांच्या बश्या विसळायला गेले.

शनिवारी सुजय तिला स्टँडवर सोडून आला. बॅग भरताना तिने डबा उघडून उरलेली सोलं काढून घेतली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधली. वर्तमानपत्र खालच्यांचं होतं.

सोमवारी अक्षया आली. पेटी आम्ही कपाटावर चढवली, इस्त्रीचं टेबल आमच्या पलंगामागे गेलं. पहिल्या भाड्यातून मी सानिकाच्या क्लासच्या बाईंकडे जाऊन फी भरली. भाताचं पातेलं मात्र मी अजून गोधडीत गुंडाळते. गॅस वाचतो, आणि माझ्या घरात मी ठरवून वाचवला तर त्यात मला कमीपणा वाटत नाही. आठळ्या आणत नाही. दुपारी दोन पंखे लावते, आणि बिल आलं की सुजयच्या हातात देते. त्याचा टपरीवरचा चहा त्याने आपणहून कमी केला. आपणहून म्हणजे मी त्याला तिथे स्कूटरवरून जाताना दोनदा नुसता हात दाखवला, एवढंच.

महिना संपता संपता आत्याचा फोन आला. सुजयने स्पीकरवर टाकला. आवाज टवटवीत होता. घरात पाहुणे असल्यामुळे ती मागच्या पडवीत खाट टाकून राहिली होती. पहिल्याच दिवशी पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, काकू, घरचं जेवण मिळेल का? तेव्हापासून ती जेवण करून घालत होती. शाकाहारी ताट वेगळं, मासळीचं वेगळं, मोदक सांगून ठेवायचे.

"ताटाला साडेतीनशे घेते," ती म्हणाली. "मुंबई-पुण्याची माणसं बोटं चाटत जेवतात. काय सांगू तुला सुजय, इतके दिवस मी उगाच तुमच्याकडे आणि त्या नितेशकडे वेळ फुकट घालवला. एकेकाला शिकवत बसले, कुणाला काही घ्यायचं नाही. आधीच इथे राहिले असते तर दोन हंगामाचं जेवणाचं उत्पन्न झालं असतं. तुमच्यामुळे बुडालं ते."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. ह्या बाईने आमच्या घरी राहून, खाऊन, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर चट्टे उठवून, तिचं नुकसान आमच्याच नावावर लिहिलं होतं, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. अक्षया आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिलाही ऐकायचं होतं.

"आत्ये, पाऊस लागायच्या आधी आम्ही दोन दिवस येऊ का?" सुजय म्हणाला. "सानिकाला समुद्र बघायचाय."

सानिकाला समुद्र बघायचा असेल तर भाट्याचा किनारा आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. पण त्याला मुरुडचा एसी बघायचा होता.

"या की," आत्या म्हणाली. "शनिवार-रविवार सोडून या. घरच्या माणसांना थोडं कमी करीन. येताना तांदूळ घेऊन या, इथे महाग आहे."

फोन ठेवून सुजय जरा विचारात पडला. मग मला म्हणाला, "थोडं कमी म्हणजे किती करेल गं?"

"मला काय माहीत? तिलाच विचार," मी म्हटलं. "आणि चहा कितव्या उकळीचा देणार, तेही विचार."

त्याने खरंच फोन उचलला.